एरंडेलाची खूण

आमच्या मायचा कुणावर विश्वास नव्हता. कुणावर म्हणजे कुणावरच. गिरणीत दळण न्यायचं तर पीठ पडेस्तोवर ती तिथून हलायची नाही. गिरणीवाला आपलं पीठ मागं ठेवतो आणि दुसऱ्याचं जाडंभरडं आपल्या डब्यात लोटतो, अशी तिची ठाम समजूत. शिंप्याकडं पोलक्याचं कापड टाकलं की उरलेल्या चिंध्या मागून आणायची आणि घरी येऊन त्या जोडून बघायची. दूधवाल्याच्या चरवीत ती बोट बुडवून बघे, आणि तोही बिचारा रोज आपणहून चरवी पुढं करून उभा राही. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की हिच्यापुढं देव प्रगट झाला तरी ही आधी वाकून त्याचे पाय उलटे तर नाहीत ना ते बघेल. माय म्हणायची, बघायलाच पाहिजे. मी तिचीच लेक. साठी उलटली, नातवंडं झाली, तरी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते आणि औषधाच्या गोळ्यांवरची तारीख दुकानात एकदा, घरी एकदा वाचते. सून गालातल्या गालात हसते. हसू दे बापडी. तिला काय माहीत हा रोग मला कुठून लागला.

आमचं घर मुदखेडला, स्टेशनाच्या मागच्या गल्लीत. अण्णा रेल्वेत पॉइंट्समन होते. दिवसभर यार्डात डबे जोडायचे-तोडायचे आवाज चालायचे. नवा पाहुणा त्या धडाक्यानं दचकून पाण्याचा तांब्या सांडायचा, पण आमच्या कोंबड्या मानसुद्धा वळवायच्या नाहीत. घरामागं परस होतं. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ, एक शेवगा, आणि भिंतीला टेकून दगडामातीचं खुराडं, त्याला जुन्या पत्र्याचं दार. त्यात मायच्या दहा-बारा कोंबड्या. लाली, काळी, मानेवर पीस नसलेली बोडकी, आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली कवडी. कवडीच्या अंड्याला निमुळत्या टोकाशी चुण्या असायच्या, शिवताना दोरा जास्त ओढला गेला की कापडाला पडतात तशा. बाकीच्यांची अंडी मला एकसारखी दिसायची, कवडीचं मात्र मी अंधारातही हातानं ओळखलं असतं.

सकाळी उन्हं परसात आली की माय खुराड्यापुढं पाटावर बसायची. पत्रा जरासा सरकवून एकेक कोंबडी धरायची, डाव्या काखेत दाबायची आणि मागून करंगळीनं चाचपायची. आत अंडं लागलं तर म्हणायची, ही अंड्यावर हाय. मग तिची रवानगी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, अंडं घालेपर्यंत. रिकामी असेल तिला मोकळं सोडायचं. सगळ्याच बायका असं करत, पण मायचं कारण वेगळं होतं. कोंबडी मोकळी सुटली आणि दुसऱ्याच्या परसात जाऊन बसली, तर त्या घरची बाई अंडं परत देईल याची तिला खात्री नव्हती. तिची करंगळी कधी चुकायची नाही. पाच म्हटलं की दुपारपर्यंत पाच अंडी डालग्यांखाली मिळायचीच. एवढ्या मोठ्या जगात तिचा भरवसा त्या एका करंगळीवर होता, असं मला आता वाटतं.

त्या अंड्यांनी आमचं लहानपण चविष्ट केलं हे मात्र मान्य करायला हवं. माय येसर, म्हणजे भाजून दळलेलं डाळी-मसाल्याचं पीठ, घालून रस्सा करायची, तो उकळायला लागला की त्यात अंडी फोडून सोडायची, आणि ती पांढरी फुलं रश्श्यावर येईपर्यंत आम्ही भावंडं चुलीपुढून उठायचो नाही. सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि फोडलेला कांदा. कोंबड्यांना आमच्या ताटातलाच भाकरीचा चुरा, सुपातल्या कण्या, फुटक्या घागरीच्या खापरात पाणी. चुलीतली राख माय कोपऱ्यात ओतायची, त्यात त्या लोळायच्या म्हणजे अंगातले किडे जायचे. हल्ली माझी सून बाजारातून अंड्यांचे ट्रे आणते. सगळी अंडी एका मापाची, कुणाच्या टोकाला चुणी नाही. मी खाते, पण नाक मुरडून.

आमच्या कोंबड्या अंडी भरपूर द्यायच्या, पण उबवायला नालायक. कोंबडी अंडी देणं थांबवते, अंग फुगवून बसून राहते, जवळ गेलं की गुरगुरते, तेव्हा ती खुडूक झाली म्हणतात; अशीच कोंबडी अंड्यांवर बसवायची असते. आमच्याकडं एखादी खुडूक व्हायची, आठ दिवस बसायची आणि नवव्या दिवशी कंटाळून उठून जायची. त्यामुळं पिल्लं हवी असली की गल्लीतल्या सगळ्या बायका जायच्या तिथंच माय जायची, शरीफाखालाकडं. खालाचं घर आमच्यापासून तिसरं. तिचा नवरा किनवटला लाकडाच्या मिलवर कामाला होता, महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. खालाकडं एक असील जातीची धिप्पाड कोंबडी होती, तिला ती ‘बडी’ म्हणायची. बडीनं पंख पसरले की पंधरा अंडी सहज झाकली जायची, आणि एकवीस दिवस ती दाणापाण्याशिवाय उठायची नाही. गल्लीचा रिवाज असा होता की अंडी तुमची, कोंबडी आणि राखण खालाची, निघालेली पिल्लं निम्मी-निम्मी. याला वाट्यानं बसवणं म्हणायचे. खालाचं घर बरंचसं या वाट्याच्या पिल्लांवरच चालायचं. शरीफाचा हात लागला की अंडं फुटतंच, असं बायका म्हणायच्या, आणि खाला ते ऐकून ओढणी सारखी करायची. गल्लीत तिला जी काही किंमत होती ती या एका गोष्टीची होती.

मायनं एकदा अंडी दिली, तेव्हा चांगली पिल्लं निघाली. माय आनंदानं वाटा घेऊन आली आणि परसात पिल्लं सोडून बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसली. मग म्हणाली, ह्यात एक पण तांबडं न्हाई. लालीची तीन अंडी दिली होती, मग लालीच्या रंगाचं पिल्लू कुठं गेलं? अण्णा म्हणाले, कोंबडा पांढरा असंल तर पिल्लू कुठल्याही रंगाचं होतं. पण मायच्या डोक्यात किडा शिरला तो शिरला. शरीफा आमची ताजी मोठी अंडी स्टेशनावरच्या हॉटेलात देते आणि बडीखाली तिची शिळीपाकी ठेवते, असं तिनं मनाशी पक्कं केलं. त्यात एक दिवस तिनं खालाला ओढणीखाली काहीतरी झाकून स्टेशनाकडं जाताना पाहिलं. खालाच्या स्वतःच्या पाच-सहा कोंबड्या होत्या, ती त्यांची अंडी विकणारच, हे कुणी मायला सांगायचं?

पुढची अंडी द्यायच्या आधी मायनं मला कामाला लावलं. मी तेव्हा सातवीत होते. क्रोशाचं विणकाम शिकायचं निमित्त करून रोज शाळेतून आल्यावर खालाच्या ओसरीत बसायचं आणि डोळे उघडे ठेवायचे, एवढंच माझं काम. खरं सांगते, मला ते काम मनापासून आवडलं. आपण घरात कुणीतरी झालो असं वाटलं. खाला मला सुई कशी धरायची ते शिकवायची, कधी खिचडी आणि चिंचेचा खट्टा वाढायची, आणि मी तो खट्टा भुरकत तिच्या हातांवर पाळत ठेवायची. तेव्हा बडीखाली आमच्या गल्लीतल्या गंगाकाकूंची अंडी होती. एके दिवशी खाला त्यातलं एकेक अंडं उचलून उन्हाच्या तिरिपेला धरून बघत होती, आणि एक अंडं तिनं बाजूला काढून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, यात जीव धरला नाही, राहिलं तर सडेल आणि बाकीच्यांना वास लागेल. घरी येऊन मी मायला सांगितलं ते एवढंच, की खालानं एक अंडं काढून घेतलं. उन्हाचं सांगितलं नाही. विसरले असंही नाही. मायच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मला आवडलं, आणि उन्हाचं सांगितलं असतं तर ते आलं नसतं.

गंगाकाकूंची पिल्लं निघाली, बडी काही महिन्यांनी पुन्हा खुडूक झाली, तेव्हा मायनं दहा अंडी निवडून ठेवली. आता अंड्यांवर खूण कशी करायची? कोळशाचा ठिपका दिला तर शरीफाला दिसणार. ती पुसून दुसऱ्या अंड्यावर देईल, नाहीतर नाक फुगवून अंडीच परत करील. न दिसणारी खूण हवी. मायनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी फडताळातून एरंडेलाची बाटली काढली. एक अंडं तिनं तेलाच्या बोटानं चोळलं, कोरडं पुसलं, आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले. थेंब गोल होऊन टपकन ओघळले. मग बिनतेलाच्या अंड्यावर सोडले, तिथं पाणी पसरलं. माय माझ्याकडं बघून हसली. ती क्वचित हसायची, आणि हसली की फार देखणी दिसायची. म्हणाली, आता बदलून दाखव म्हनावं.

तेल लावायचं काम माझं. अर्धवट लागायला नको म्हणून मी कापसाच्या बोळ्यानं प्रत्येक अंड्याला सगळीकडून तेल चोळलं, टोकांना, पोटाला, कुठं जागा राहू दिली नाही. कवडीचं अंडं चुण्यांमुळं नीट माखेना, तर त्या चुण्यांत बोट घालून घालून तेल भरलं. मग फडक्यानं पुसून, टोपलीत कोंडा घालून खालाकडं घेऊन गेले. खालानं एक अंडं उचललं, फिरवून बघितलं आणि म्हणाली की गे, तुमची अंडी लई चमकायलीत. मी म्हटलं, मायनं पुसून दिलीत. ती म्हणाली, तुझी माय लई टापटिपीची. तिनं तिची स्वतःची पाच अंडी त्यांच्यासोबत ठेवली, विजेच्या कडकडाटानं आतला जीव दचकू नये म्हणून एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा बाजूला ठेवला, आणि बडीला अलगद वर बसवलं. मी घरी आले तेव्हा माय हात धूत होती. तिनं विचारलं, काय म्हनली? मी म्हटलं, काही न्हाई.

एकविसाव्या दिवशी खालाची पाचही अंडी फुटली. आमचं एकही फुटलं नाही. खालानं दोन दिवस आणखी वाट बघितली आणि मग स्वतः येऊन सांगून गेली. पहिल्या आठवड्यात उन्हाला धरलं तेव्हा सगळ्यांत जीव दिसला होता, असं कधी झालं नव्हतं, म्हणाली.  ती गेल्यावर मायनं तांब्यात पाणी घेतलं, मला म्हणाली, चल, आणि सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिली. नळाला पाणी आलं होतं, त्यामुळं निम्मी गल्ली बाहेरच होती. माय म्हणाली, न फुटलेली अंडी आण. खालानं टोपली आणली. मायनं एक अंडं हातात घेतलं आणि वरून पाणी सोडलं.

पाणी पसरलं. दुसऱ्यावर सोडलं, तिथंही पसरलं. दहाच्या दहा अंड्यांवर पाणी साध्या अंड्यावर पसरावं तसं पसरलं. एकवीस दिवस कोंबडीच्या पोटाखाली आणि भुश्यात घासून वरचं तेल निघून गेलं असणार, हे आज कुणालाही सुचेल. तेव्हा मायला सुचलं नाही, मलाही नाही. मायनं तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ही माझी अंडी न्हाईत. मी खूण केली होती. ती खूण ह्याच्यावर न्हाई.” बायका जवळ आल्या. गंगाकाकूंनी विचारलं, कसली खूण? माय म्हणाली, ती सांगणार नाही, पुढं कामाला येईल. आणि लोकांना तेवढं पुरलं. न सांगितलेल्या खुणेवर लोकांचा फार विश्वास बसतो.

खाला आधी हसली, मग गोंधळली. तिनं एकेका बाईकडं बघितलं. तिच्या घरी वर्षानुवर्षं अंडी ठेवणाऱ्या त्या बायका. कुणी पदर सारखा करू लागली, कुणी घागर. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आल्यासारखं झालं. तिनं टोपली माझ्यापुढं धरली.

“सुमन, तू सांग गे बेटा. तूच आणली होतीस ना? हीच हायत ना?”

मी टोपलीत बघितलं. मधोमध कवडीचं अंडं होतं. टोकाशी त्याच चुण्या, ज्यांत मी बोट घालून तेल भरलं होतं. जगात दुसरं तसं अंडं असणं शक्य नव्हतं. ती अंडी आमचीच होती, तीच, मी आणलेली. माय माझ्या मागं उभी होती, तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड झाला होता. मी म्हणाले, “मला ठाऊक न्हाई.”

एवढंच. तीन शब्द. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. घरी जाताना मी स्वतःला समजावलं की एक अंडं आमचं असलं म्हणून काय झालं, बाकीची नऊ बदललीच असतील. रश्श्याचा घास मला त्या दिवशी उतरला नाही. अण्णांनी विचारलं, पोरीला काय झालं, तर माय म्हणाली, ऊन लागलं असंल.

त्यानंतर खालाकडं कुणी अंडी ठेवली नाहीत. कुणी भांडलं नाही, कुणी बोलणं टाकलं नाही. नुसतं, या वेळी पिल्लं नकोत, या वेळी माहेरून आणणार, असं एकेक कारण निघत गेलं. पाठीमागं मात्र तिला एक नाव पडलं, अंडीचोर. गल्लीत दोन शरीफा होत्या, त्यामुळं सोयीचं झालं. कोणती शरीफा विचारलं की लोक म्हणायचे, ती अंडीचोर. खालानं पावसाळ्याच्या आत बडी विकली. मी क्रोशाची सुई घेऊन एकदा तिच्या ओसरीपर्यंत गेले होते. तिनं आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. पुढं दोनेक वर्षांत ते लोक नांदेडला निघून गेले.

मध्ये सगळं आयुष्य गेलं ते इथं सांगत नाही. लग्न होऊन मी लोह्याला आले, शेतीत राबले, मुलं वाढवली. काही वर्षांमागं आमच्या बचत गटाला परसातल्या कोंबडीपालनाचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेली पोरगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. मी पहिल्या रांगेत बसून तिच्या प्रत्येक वाक्यावर संशय घेत होते. म्हटलं, हिनं कधी कोंबडी काखेत तरी धरली असेल का. तर ती म्हणाली, बायांनो, उबवायची अंडी धुवू नका आणि त्यांना तेलाचा हात तर अजिबात लावू नका. कवचाला बारीक छिद्रं असतात, आतला जीव त्यातून श्वास घेतो. तेल लागलं की तो गुदमरून मरतो. मी हात वर केला आणि विचारलं, एरंडेल असलं तर? ती म्हणाली, काकू, कुठलंही तेल. बायका हसल्या. मी पुन्हा विचारलं, पुसून काढलं तर? ती म्हणाली, एकदा छिद्रं बुजली की बुजली.  दहा पिल्लं मी माझ्या हातानं, कापसाच्या बोळ्यानं, कुठं जागा न ठेवता मारली होती, आणि त्याचं नाव दुसरीला लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मुदखेड गाठलं. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माय धाकट्या भावाकडं, त्याच घरात. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत चालणारी, पण कान तिखट. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि शेवटी शांतपणे म्हणाली, “मला ठाऊक हाय.” मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. शरीफानंतर दुसऱ्या वर्षी तिनं गंगाकाकूंच्या कोंबडीखाली अंडी दिली होती, तशीच तेल लावून, मी शाळेत असताना. त्यातलंही एक फुटलं नाही. त्याच कोंबडीखालची गंगाकाकूंची सगळी फुटली. त्या वेळी माय तांब्या घेऊन कुणाच्या दारात गेली नाही. तिला कळलं होतं. मी म्हटलं, मग तेव्हाच कामून सांगितलं न्हाईस? खाला तेव्हा गल्लीतच होती. माय म्हणाली, “कुणाला सांगू? साऱ्या गल्लीपुढं पाणी वतलं होतं मी.” मला तिचा असा राग आला की मी जेवले नाही. आणि मग आठवलं की टोपलीपुढं उभी राहून मी काय बोलले होते. मग तो राग कुणावर काढावा ते कळेना.

खालाचा पत्ता लागायला वेळ लागला. नांदेडला नातवाच्या घरी होती, पलंगावर बसून लसूण सोलत होती. मला ओळखलं. मी खाली बसून सगळं सांगितलं, तेल, कवडीचं अंडं, सगळं. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मी रडेन आणि ती डोक्यावरून हात फिरवेल. ती लसूण सोलत राहिली. आधी विचारलं, तुझी माय गेली का? मी म्हटलं, न्हाई, हाय. मग तिनं विचारलं, आजारी हाय का? काही काम काढलंय का आमच्याकडं? मी म्हटलं, काही काम न्हाई खाला, निस्तं सांगायला आले. तिचा विश्वास बसला नाही ते मला दिसत होतं. माझ्याकडं ती ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी ओळखत होते, आमच्याच घरची होती. मग म्हणाली, “मैं तेरेकू पूछी थी.”  आणि पुढं, “आता मला काय सांगायलीस? मी चोर न्हाई, हे मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. सांगायचं तर गल्लीला सांग.”

मी येऊन मायला ते जसंच्या तसं सांगितलं.  गल्लीला मीच सांगावं असं मनात यायचं, पण कुणाला थांबवून, कसं सुरू करावं हे समजत नव्हतं, आणि खरं म्हणजे धीर नव्हता. त्यात चार-पाच महिने गेले. मग भावाच्या नातीचं बारसं आलं. घर बायकांनी भरलेलं. पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. माय खुर्चीवर भिंतीशी बसलेली होती, गंगाकाकूंना नातसुनेनं धरून आणून शेजारी बसवलं होतं. बायका जरा गप्प झाल्या, तेवढ्यात माय काठी आपटून म्हणाली, “शरीफानं अंडी बदलली न्हवती. मी त्येला तेल लावलं होतं. तेलानं मेली ती.”

सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. नव्या सुनांना काहीच कळेना. एकीनं हळूच विचारलं, कोण शरीफा? तर गंगाकाकू, ज्यांना स्वतःच्या लेकीचं नाव धड आठवत नव्हतं, त्या चटकन म्हणाल्या, “अगं, ती अंडीचोर.”

माय म्हणाली, न्हाई, चोर न्हाई ती. माझ्या भावजयीनं माझ्याकडं बघून खूण केली, की वय झालं, हल्ली असंच काहीबाही बोलतात. कुणीतरी मायला पाणी आणून दिलं. कुणी म्हणालं, आजी, आराम करा. मायनं तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि बायका माना डोलावत घुगऱ्या खात राहिल्या. मी पुढं झाले आणि म्हणाले की माय खरं बोलायली, तेल मीच लावलं होतं, अंडी आमचीच होती आणि मी तेव्हा खोटं बोलले. गंगाकाकू माझ्याकडं बघून मायेनं हसल्या आणि म्हणाल्या, लेक हाय, आईचं झाकणारच.

मायनं काठी टेकवली आणि खुर्चीवरून उठायला लागली. मी तिला धरलं.  म्हणाली, “इथं कुनी ऐकंना, सुमे. नांदेडची गाडी किती वाजता हाय?”